गालावरचं नाव

अपंग विद्यार्थ्यांबद्दल प्राध्यापकांना कळवळा फार असतो, पण तो वर्गाच्या दाराबाहेर. दाराच्या आत एक खुर्ची सरकवायची म्हटली की कपाळाला आठ्या पडतात. एंदांगला याची सवय होती. डोंगरउतारावरच्या त्या विद्यापीठात साहाय्य कार्यालय सुरू झालं तेव्हापासून ती तिथे नोकरीला होती, आणि तिचं निम्मं काम म्हणजे मोठ्या माणसांच्या विनवण्या. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलासाठी तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग खाली आणा. न दिसणाऱ्या मुलीला परीक्षेत वाचून दाखवणारा द्या, वेळही थोडा वाढवून द्या. फळ्याकडे तोंड करून बोलू नका हो पाक, मुलीला तुमचे ओठ दिसत नाहीत. सरांना तिथे आदराने 'पाक' म्हणतात; हे पाक लोक मान डोलवायचे आणि पुन्हा फळ्याकडे वळायचे.

उरलेलं निम्मं काम हातांचं होतं. बहिऱ्या मुलांसाठी ती वर्गात दुभाषी म्हणून फळ्याशेजारी उभी राहायची आणि गुरुजींचं बोलणं खुणांच्या भाषेत सांगायची. ही भाषा ती शाळेत शिकली नव्हती. कार्यालय म्हणजे नुसतं एक टेबल आणि एक झेरॉक्सचं यंत्र होतं, त्या दिवसांत मागच्या खोलीत बहिऱ्या मुलांचा अड्डा असायचा. तिथे मादुरा बेटावरचा, मृदाशास्त्र शिकणारा विग्न्यो नावाचा एक मुलगा होता. डावखुरा, गालावर खोल खळी, आणि दुसऱ्याची फजिती करण्यात पटाईत. एंदांगला पहिली खूण त्याने शिकवली, आणि ती चुकली की पोट धरून हसणाराही तोच. तिसऱ्या वर्षाला असताना उताराच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली.

त्याला जाऊन आता बरेच दिवस झाले होते. या सत्रात प्रामेस्ती आली.

प्रामेस्ती दक्षिण किनाऱ्याकडच्या खेड्यातली. आई तेंपेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, कुरकुरीत चकत्या तळून विकायची. बहिऱ्यांच्या शाळेत पोरगी कधी गेलीच नव्हती. आईचे ओठ वाचून आणि फळ्यावरचं उतरवून घेऊन इथपर्यंत पोचली होती. मृदाशास्त्राला तिला प्रवेश मिळाला तोही अटीवर. सत्राच्या शेवटी तो विषय शिकवणारे पाक हर्जोनो आणि आणखी दोघांसमोर उभं राहून तोंडी परीक्षा द्यायची, जमिनीचे थर समजावून सांगायचे. नाही जमलं तर बोऱ्याबिस्तर गुंडाळून घरी. आणि तिला खुणांची भाषा येत होती ती जेमतेम पाहुण्याला चहापाणी विचारण्यापुरती.

पहिल्याच तासाला घोटाळा झाला. बहिऱ्या माणसाला खुणेतलं एक नाव असतं, आणि ते बहिरी माणसंच देतात, त्याला चार दिवस नीट पाहून. ऐकू येणाऱ्यांना तो अधिकार नाही. तोवर नाव अक्षर-अक्षर करून बोटांनी सांगायचं. आता पाक हर्जोनो म्हणजे घोड्यावर बसलेला माणूस. "प्रामेस्ती, हा थर कसला?" असं त्यांनी विचारलं की एंदांगची बोटं तिसऱ्या अक्षराला पोचेपर्यंत ते दुसऱ्याच मुलाला झापत असायचे. पोरगी बावरून गेली होती. तिच्या डाव्या गालाला खळी पडत होती, आणि घाईत एंदांगचा हात आपोआप वर गेला. दोन बोटं गालावर टेकली आणि अर्धी फिरली.

प्रामेस्तीने चटकन वर पाहिलं आणि उत्तर वहीत लिहून दाखवलं. पाक हर्जोनो खूश झाले. ती खूण म्हणजे विग्न्योचं नाव, हे एंदांगला लगेच आठवलं, पण तास संपला होता आणि काम भागलं होतं.

सेकारने मात्र सोडलं नाही. सेकार शेवटच्या वर्षाला होती, बहिऱ्या मुलांची म्होरकी, आणि तिच्या हातांना धार होती. मागच्या खोलीत तिने एंदांगला गाठलं. बाईंना तिथे 'बु' म्हणतात.

"बु, ते नाव कुणाचं आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे गं बाई. पण तो गेला."

"तो गेला. नाव कुठे गेलंय? आम्ही रोज त्याच्याबद्दल बोलतो."

"मग तुम्ही हिला लवकर दुसरं द्या. पाक हर्जोनो काय माझ्यासाठी थांबणार आहेत?"

"नाव म्हणजे काय तेंपे आहे, पानात गुंडाळून ठेवलं की दोन दिवसांत तयार?" सेकार म्हणाली. "आणि आवरा स्वतःला. भलत्याला हाक मारताय."

एंदांगने ते हसण्यावारी नेलं. हात मात्र ऐकेना. वर्गात घाई झाली की दोन बोटं गालावर जायचीच.

थोड्या दिवसांनी तिच्या एक गोष्ट लक्षात आली. तिने हाक मारली की प्रामेस्ती आधी मागे वळून पाहायची, शेवटच्या बाकाकडे, आणि मग पुढे बघून उत्तर द्यायची. शेवटचा बाक रिकामाच असायचा. तिथला पंखा बिघडलेला, म्हणून कुणी बसत नसे.

"मागे काय बघतेस?" तिने एकदा विचारलं.

"तुम्ही हाक मारली की तो पण बघतो," प्रामेस्तीने वहीत लिहून सांगितलं. "मला वाटतं, आधी त्याला बोलू द्यावं."

एंदांगने मागे पाहिलं. भर दुपार होती, खिडकीतून ऊन बाकावर पडलं होतं, आणि त्या उन्हात धूळ तेवढी होती. नवीन ठिकाणी आलेली मुलगी, बिचकली असेल, असं तिने स्वतःला समजावलं. पण त्या दिवशी वर्गाचं दार लावून घेताना तिने पाठ फिरवली नाही, उलट्या पावलांनीच ती बाहेर आली.

मग प्रामेस्ती शिकायला लागली. शिकायला म्हणजे कशी, माणसाचं डोकं चक्रावेल अशी. सत्राच्या सुरुवातीला जिला 'भूक लागली' यापुढे खूण येत नव्हती, ती सत्र निम्म्यावर येईतो सेकारशी वाद घालायला लागली, थट्टा करायला लागली. कार्यालयप्रमुखांना स्वर्ग दोन बोटं उरला. राजधानीहून पाहुणे आले तेव्हा त्यांनी प्रामेस्तीला मधोमध उभं करून फोटो काढले, आणि "ही आमच्या सोयीसुविधांची फलश्रुती," असं भाषणात तीनदा म्हणाले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एंदांग कोपऱ्यात उभी होती, तिने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत.

कारण प्रामेस्ती डाव्या हाताने बोलत होती. लिहायची उजव्याने, बोलायची मात्र डाव्याने. आणि चिकणमातीसाठी तिने अंगठा दातांवर घासला. ही खूण या शहरात कुणी करत नाही. ती मादुराकडची, आणि या इमारतीत ती फक्त एकाच माणसाने आणली होती.

"हे तुला कुणी शिकवलं?" पाहुणे गेल्यावर एंदांगने विचारलं.

"त्यानेच. मागच्या बाकावरच्या."

"नाव काय त्याचं?"

प्रामेस्तीला हा प्रश्न गमतीचा वाटला असावा. तिने डोकं मागे टाकून हसत दोन बोटं गालाला लावली. "तुम्हीच तर रोज त्याला बोलावता."

एंदांगने त्याच दिवशी थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. तोंडी परीक्षा तोंडावर आली होती, पोरीची प्रगती डोळ्यांत भरत होती, आणि नाव सोडलं तर हे सगळंच निसटेल अशी धास्ती तिला वाटत होती. परीक्षा होईपर्यंत चालू दे, मग बघू, असं म्हणून तिने दिवस ढकलले. आणि खरं सांगायचं तर वर्गात उभी असताना शेवटच्या बाकाकडे तोंड करून बोलणं तिला आवडायला लागलं होतं. भीती वाटायची, तरी आवडायचं.

मग प्रामेस्तीची आई आली.

बु तुकिनाह एवढीशी, वाळकी बाई, हातात तेंपेच्या चकत्यांची भली मोठी पिशवी. कार्यालयात आल्यावर ती खुर्चीच्या अगदी टोकावर बसली. प्रामेस्तीने चहाचा पेला आणून तिच्यापुढे धरला, डाव्या हाताने. एंदांगला कसंसंच झालं. डाव्या हाताने तर इथे कुणी कुत्र्यालाही खायला घालत नाही, आणि ही जन्मदात्या आईला चहा देत होती. बाईने पेला घेतला, टेबलावर ठेवला, प्यायली नाही. लेक बाहेर गेल्यावर तिने तोंड उघडलं.

"बु, ही माझी मुलगी नाही."

"असं काय बोलता? शहरात आली की मुलं थोडी बदलतात."

"बदलणं मला कळतं हो. थोरलीही बदलली होती, केस पिवळे करून आली. तिला चार शिव्या दिल्या, झालं." बाई पदराचं टोक पिळत होती. "ही मी बोलले की माझ्या तोंडाकडे बघते, पण बसमधल्या परक्या बाईकडे बघावं तसं. आधी घोगऱ्या आवाजात का होईना, मला 'माक' म्हणायची. आता आवाजच काढत नाही. परवा विचारलं, घरी कधी येतेस गं. तर मोबाइलवर लिहून दाखवलं, माझं घर पुलापलीकडे बेटावर आहे."

पुलापलीकडचं बेट म्हणजे मादुरा, हे एंदांगला कुणी सांगायला नको होतं.

"आमच्या गावाला बेट कुठलं, बु?" बाईने विचारलं. "शिकली नाही तरी चालेल. मला माझी पोर परत द्या."

त्याच संध्याकाळी एंदांग सेकारपुढे जाऊन उभी राहिली. सेकार रागावली नाही, आणि ते जास्त लागलं. "नाव द्यायला बसू या," ती म्हणाली. "पाक हर्जोनोंच्या वर्गातच. तो तिथेच बसतो ना?"

शुक्रवारी नमाजानंतर तो वर्ग मोकळा असतो. त्या दुपारी बहिरी मुलं तिथे गोल करून बसली. बु तुकिनाह लाल आणि पांढरी खीर घेऊन आली होती, कारण माणसाचं नाव बदलायचं तर ती लागतेच, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. प्रामेस्ती मधोमध बसली होती, मजेत, डावा हात मांडीवर खेळवत. एंदांग आईशेजारी बसून तिला सगळं बोलून दाखवत होती.

पद्धत साधी. प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, या मुलीत काय दिसलं ते. त्यातून नाव निघतं.

"हसताना डोकं मागे टाकते," एकाने सांगितलं. सेकारने मान हलवली. ते विग्न्योचं.

"पेन कानामागे खोचते." तेही त्याचंच.

"रागावली की टाच आपटते." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. टाच कोण आपटायचं ते सगळ्यांना माहीत होतं.

मग हात थांबले. एवढं सत्र झालं, मुलगी रोज त्यांच्यात बसली, जेवली, भांडली, आणि तिचं म्हणून एकही काही कुणाला सांगता येईना. कौतुक करणाऱ्या कार्यालयाला नाही, मित्रांना नाही, एंदांगला नाही. प्रामेस्ती सगळ्यांकडे पाहून हसत होती. खळी आता दोन्ही गालांना पडत होती, अगदी खोल.

"गप्प का झाले सगळे?" आईने घाबरून विचारलं.

"हिचं वेगळं असं काही सापडत नाही," एंदांग म्हणाली. तिला मान वर करवेना. "तुम्ही काही सांगा ना. नाव ठेवण्यासारखं."

"नाव?" बाई गोंधळली. "मी तिला हाक मारते तसं दाखवू का?"

"हाक? तिला तर ऐकू येत नाही."

"मग काय झालं? अंगणात खेळायची, तिला जेवायला बोलवायला नको? लहानपणी न्हाऊ घातलं की ओले केस झटकायची, सगळी मला भिजवायची. तेव्हापासून आमच्यात तेच चालतं. शेजारीपाजारीसुद्धा तसंच बोलावतात."

एंदांग तिच्याकडे पाहतच राहिली. मुलगी बिननावाची आली आहे, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही, बु. मला वाटलं, विद्यापीठात आमच्या घरच्या खुणा चालत नसतील."

बाई उठून लेकीसमोर गेली. तिने पाचही बोटं कानाशी नेली आणि पाणी उडवल्यासारखी झटकली. प्रामेस्तीने पाहिलं आणि नजर मागच्या बाकाकडे वळवली. बाईने पुन्हा झटकली. मग पुन्हा. तिचे डोळे वाहत होते, पण हात थांबत नव्हता. दिवेलागणीला अंगणाच्या टोकाशी उभी राहून ती अशीच बोलवत असणार. कितव्या खेपेला कोण जाणे, प्रामेस्तीचा उजवा हात उठला आणि स्वतःच्या केसांवर गेला. डावा हात मांडीवरून निर्जीव खाली पडला. तिने आईकडे पाहिलं, आणि खूप दिवस न वापरलेला तो घोगरा आवाज वर्गात उमटला.

"माक."

बाईने तिला छातीशी धरलं. मग मुलांनी एकेकाने ती खूण केली, बोटं झटकून, आणि दर खेपेला प्रामेस्ती लगेच वळून पाहू लागली, मागे न बघता. तिने खीर खाल्ली, उजव्या हाताने.

पण सेकार तिच्याशी बोलायला लागली तेव्हा ती नुसती हातांकडे टकमक बघत राहिली. गेली होती ती भाषा, निम्मीशिम्मी तरी गेली होती. तोंडी परीक्षा पुढच्या आठवड्यात. एंदांगने मनाशी ठरवलं, सोमवारी पाक हर्जोनोंच्या दारात बसायचं. एक सत्र वाढवून मागायचं, ते चिडतील, चिडू देत. ती पोरीला पहिल्यापासून शिकवेल, सावकाश, पोरीला जमेल तसं. आई लेकीला घेऊन खाली नळावर हात धुवायला गेली. जाताना प्रामेस्तीने शेवटच्या बाकाकडे बोट दाखवलं, आणि चेहरा रडवा करून दाखवला, मी नव्हे, तो, अशा अर्थाने.

सेकारने दार लावलं. "आता त्याचं," ती म्हणाली.

मुलं उठली, मागच्या बाकाकडे तोंड करून उभी राहिली, आणि सगळ्यांनी एकदम दोन बोटं गालाला लावून फिरवली.

एंदांगला काहीच दिसलं नाही. बाक, ऊन, बंद पंखा. पण मुलांचे चेहरे बदलले. त्यांच्या नजरा एकाच जागी खिळल्या, आणि समोरच्याचे हात वाचताना डोळे जसे बारीक बारीक हलतात तसे हलायला लागले. कुणी मान डोलावली. कुणी हसलं. एकाने डोळे पुसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच वर्गात ती एकटी अशी होती जिला काय चाललंय ते कळत नव्हतं. तिने सेकारची बाही ओढली.

"काय म्हणतो तो? मला सांग ना."

सेकार तिच्याकडे वळली आणि दुभाषी झाली.

"म्हणतो, बुंचे हात सुधारले. पूर्वी माती आणि भात एकच करायच्या."

एंदांगला हसू आणि रडू एकदमच आलं.

"म्हणतो, माझ्या वेळी कुणी नव्हतं पुढे उभं राहायला. दुसऱ्याच्या वहीची झेरॉक्स मिळायची. तीन वर्षं या बाकावर बसलो, एक तास पुरता समजला नाही. या सत्रात समजला. म्हणून येत राहिलो." सेकारने पुन्हा बाकाकडे पाहून घेतलं. "पोरीला त्रास द्यायचा नव्हता, म्हणतो. तिला काही येत नव्हतं, म्हणून शिकवलं. आता विचारतोय, सत्र संपेपर्यंत बसू द्याल का? नावाने बोलावू नका. नुसता बसेन."

एंदांगने खिडकीतून खाली पाहिलं. नळाशी प्रामेस्ती आईच्या अंगावर हाताचं पाणी उडवत होती. तिने पुन्हा बाकाकडे पाहिलं. तो तिथे असला तर ती त्याच्याकडे तोंड करून बोलणार, आणि एक दिवस घाईत बोटं गालावर जाणार, पोरगी पुन्हा हरवणार. आपले हात तिला ठाऊक होते. जन्मभर तिने माणसांना वर्गात जागा मिळवून दिली होती. जो वर्गासाठी आला, वर्ग कळतो म्हणून थांबला, त्याला उठवायची पाळी तिच्यावर यावी, याचा तिला संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे समजेना.

तोंडाने बोलायचं असतं तर सोपं होतं. इथे कुणी कुणाला तोंडावर नकार देत नाही. बघू या, वर विचारून सांगते, जागा झाली की नक्की कळवू, असं गोड बोलून माणसाला वर्षानुवर्षं ताटकळत ठेवता येतं. विग्न्योला जिवंतपणी हेच तर मिळालं होतं. खुणांच्या भाषेत गोड करायला काही नसतं. तिने सरळ त्या बाकाकडे पाहिलं आणि हाताने सांगितलं, नाही.

मुलांच्या नजरा हळूहळू बाकावरून उठल्या, मधल्या वाटेने पुढे आल्या, आणि एंदांगच्या समोर थांबल्या, अगदी जवळ.

"काय म्हणतो?" तिने विचारलं.

"काही नाही," सेकार म्हणाली. "तुमच्या हातांकडे बघतोय."

मग नजरा दाराकडे वळल्या. एका मुलाने जाऊन दार उघडलं आणि थोडा वेळ धरून ठेवलं. एंदांगचा हात अजून तसाच हवेत होता. सेकार आली आणि तिने तो हळूच खाली केला.